मास्तरांचं मनगट

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की लोक आधी त्याच्या मनगटाकडे बघतात, मग तोंडाकडे, आणि नाव विचारायचं बरेचदा राहूनच जातं. अंबादास हुपरीकर मास्तर याच गावात जन्मले, वाढले आणि इथल्याच एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले. पण त्यांचं मनगट कुठल्यातरी दुसऱ्या गावासाठी बनवलेलं चुकून इकडे आलं असावं. घड्याळाच्या पट्ट्याला चांभाराकडून जादा भोकं पाडून घेतली होती, तरी दुपारपर्यंत घड्याळ कोपराकडे सरकलेलं असे. वर्गात वेळ बघायची तर मास्तरांना बाही वर सारावी लागे. मुलांना वाटे, सर आता मारणार. या गैरसमजावर त्यांची शिस्त वर्षानुवर्षं व्यवस्थित चालली होती.

तेव्हा मनगटाबद्दल मास्तरांची स्वतःची काही तक्रार नव्हती. ती सुरू झाली अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात, गगनबावड्याला.

गल्लीची सहल होती. मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत मास्तरांच्या शेजारी गणपतराव राहत. दारात म्हशी, तालमीत वट, आणि तरुणपणी मैदानात दोनचार नावाजलेले पैलवान चीत केलेले. त्यांच्याच दुधाच्या टेंपोतून सगळे वर गेले. घाटमाथ्यावर धुकं असं की स्वतःचे बूट दिसेनात, पाऊस असा की लोकांनी कंटाळून छत्र्या मिटल्या, आणि त्यात सगळ्यांना तहान लागली. भर पावसात उभं राहून माणसाला तहान का लागते याला विज्ञानात उत्तर आहे, पण त्या वेळी ते कुणी मास्तरांना विचारलं नाही.

प्रमोदिनीबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, माहेरचा फिरकीचा तांब्या आणला होता. हा पितळी तांब्या प्रवासाचा. त्याचं झाकण आट्यांवर फिरवून बसवतात, म्हणजे पाणी सांडत नाही. बाईंनी सकाळी ते बसवलं होतं, आणि जरा जास्तच मनापासून. आता ते हलेना. त्यांनी तांब्या मास्तरांकडे दिला. मास्तरांनी आधी नुसत्या हातानं बघितलं, मग रुमाल लावून बघितलं, मग गुडघ्यांत धरून बघितलं. शेवटी दरीचं सौंदर्य बघायला वळल्यासारखं करून सगळ्यांकडे पाठ केली आणि दात वापरले. सगळे चहूबाजूंनी सल्ला देत होते. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, राहू द्या. तुमचं काम नव्हे ते. गणपतराव, बघता का जरा?"

गणपतरावांच्या एका हातात भजी होती. ती त्यांनी ठेवली नाहीत. तांब्या पोटाशी धरला, दोन बोटं झाकणावर टेकवली, आणि झाकण सुटलं.

"काय न्हाय वैनी," ते म्हणाले, "वाईच घट्ट हुतं."

'तुमचं काम नव्हे ते.' बाई हे अगदी मायेनं म्हणाल्या होत्या आणि हीच अडचण होती. रागानं म्हणाल्या असत्या तर मास्तरांकडे उत्तर होतं. मायेवर उत्तर नसतं. गाडी घाटमाथ्यावरून उतरून कोल्हापुरात आली तरी ते वाक्य मास्तरांच्या मनातून उतरलं नाही. एवढंच नव्हे, तर पुढे रोज जेवताना बाई लोणच्याची बरणी स्वतःच उघडून पानाशी ठेवायला लागल्या. त्या आधीही तसंच करत असतील, पण मास्तरांना ते दिसायला लागलं ते आता.

त्याच सुमारास शाळेत वरच्या कचेरीतून एक लांबोडकं खोकं आलं. आत एक बॅट, एक चेंडू, काही कातडी हातमोजे आणि एक इंग्रजी पुस्तिका. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं की बेसबॉल हा खेळ शाळेत सुरू करावा व तसं कळवावं. न कळवल्यास काय होईल ते लिहिलं नव्हतं, त्यामुळे मुख्याध्यापक फारच घाबरले. त्यांनी स्वतः सामान तपासलं, तर हातमोजे सगळे डाव्या हाताचे! त्यांनी ते तसेच बांधून परत पाठवले आणि उजव्या हाताचे पाठवून जोड्या पुऱ्या कराव्यात असं नम्रपणे लिहिलं. या खेळात मोजा एकाच हातात घालतात आणि दुसऱ्या हातानं चेंडू फेकतात, हे नंतर पुस्तिकेत सापडलं. पण तोवर हातमोजे गेले होते, ते गेलेच.

खेळाचे शिक्षक जोतीराम सर. फुटबॉल सोडून दुसऱ्या कशाला खेळ म्हणायला त्यांची जीभ वळत नसे. त्यांनी बॅट उलटसुलट करून बघितली आणि टेबलावर ठेवली.

"पाय असताना हातात दांडकं कशाला घ्यायचं, सायेब? ह्यो खेळ न्हाय, ह्ये भांडाण हाय."

शिवाय खोकं खेळाच्या कपाटात मावेना. मग ते विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ठेवलं, मानवी सांगाड्याच्या मागे, गॅदरिंगमधल्या मारुतीच्या सोनेरी गदेशेजारी. जे कुठेच मावत नाही ते प्रयोगशाळेत, आणि जे प्रयोगशाळेत आहे त्याला हुपरीकर जबाबदार, असा शाळेचा जुना रिवाज होता. अशा रीतीनं बेसबॉल हा खेळ हुपरीकर मास्तरांच्या गळ्यात पडला. तक्रार करायची म्हणून त्यांनी पुस्तिका उघडली, आणि उभ्याउभ्याच वाचत राहिले.

पुस्तिकेचं म्हणणं असं, की चेंडू लांब मारायची ताकद दंडात नसतेच मुळी. ती जमिनीतून पावलात येते, पावलातून कमरेत, कंबर फिरली की खांद्यात, आणि हात म्हणजे मध्ये लोंबणारा नुसता दोर. बॅट आवळून धरायची नाही. भाकरीच्या पिठाचा गोळा जेवढ्या बेतानं धरतो तेवढ्याच बेतानं, बोटांत धरायची. चेंडू लागतो त्या क्षणी एका हाताचा तळवा आकाशाकडे आणि दुसऱ्याचा जमिनीकडे. मनगट त्यानंतर वळायचं, आधी नाही. आवळलेलं, जाडजूड मनगट उलट ताकद अडवून धरतं. मनगट हे फक्त दार आहे, ते मोकळं असलं की पुरे.

मास्तरांनी पुस्तिका छातीशी धरली. इतकं मोकळं मनगट सबंध करवीर तालुक्यात दुसरं नसेल! इतकी वर्षं आपण अशक्त नव्हतो, फक्त चुकीच्या खेळाच्या गावात राहत होतो, असा त्यांना साक्षात्कार झाला. त्या भरात त्यांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकलं की येत्या खंडेनवमीला ते मैदानावर प्रात्यक्षिक देतील आणि चेंडू भिंतीपलीकडे जाईल.

जोतीराम सरांनी चहाची बशी खाली ठेवली. "हुपरीकर सर, तुमी सोता जरी भित्तीपलीकडं गेलासा तरी लई झालं की."

मास्तर घरी येऊन म्हणाले, "खंडेनवमीला दुपारी मैदानावर यायचं. पुढे बसायचं."

"येईन की," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पाण्याला तांब्या आणू का?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. मास्तरांचं मात्र त्या दिवशी जेवणात लक्ष लागलं नाही.

सराव गल्लीत सुरू झाला. कोल्हापुरातल्या गल्लीत एखादा माणूस हातात दांडकं घेऊन पवित्र्यात उभा राहिला आणि त्याला कुणी सल्ला दिला नाही, असं घडत नाही. गणपतराव म्हशी धुता धुता बघत होते. त्यांनी येऊन मास्तरांचं मनगट आपल्या अंगठ्याच्या आणि करंगळीच्या वेढ्यात धरलं. वेढा पुरून उरला.

"मास्तर, ह्येच्यात काय न्हाय."

"नसायलाच पाहिजे गणपतराव. मनगट हे दार आहे."

"आवं, पर दाराला कडी नगं व्हय? उद्यापास्नं पाटंचं या. म्हशीची धार काढा. मनगाट तयार हुतंय का न्हाय बघतो."

मनगट मोकळं ठेवायला म्हैस पिळणं उपयोगाचं ठरेल असं मास्तरांच्या शास्त्रीय बुद्धीला वाटलं, आणि इथं ते चुकले. राधी म्हैस गुणी होती, पण तिला पॅन्ट घातलेल्या माणसाचा सराव नव्हता. मास्तर शेजारी बसले की ती पान्हा चोरायची. गणपतरावांना उपाय ठाऊक होता. त्यांनी आपला पटका मास्तरांच्या डोक्याला बांधला आणि आपलं घोंगडं त्यांच्या अंगावर टाकलं. वास ओळखीचा आल्यावर राधीनं एकदा मागं वळून बघितलं, सुस्कारा टाकला आणि दूध सोडलं. मास्तरांना फार बरं वाटलं. नेमकी त्याच वेळी दहावीची मुलं शिकवणीला निघाली होती. ती सायकली थांबवून उभी राहिली.

"नमस्कार सर," त्यातला एक अत्यंत आदरानं म्हणाला.

मास्तरांनी घोंगड्यातूनच मान हलवली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर म्हैस होती. चित्र चांगलं होतं, हे वाईट. मास्तरांनी डस्टर उचललं आणि सस्तन प्राण्यांचा धडा चार महिने आधी शिकवून टाकला.

तिकडे मास्तरांच्या हातचं निम्मं दूध घोंगड्यात जायचं. धारोष्ण दूध विकतात त्या दूधकट्ट्यावर गणपतरावांची गिऱ्हाइकं सकाळी पेला हातात घेऊन ताटकळायला लागली आणि गणपतराव त्यांना कारण सांगायला लागले. पटका, घोंगडं, बेसबॉल, सगळं. आठवड्यात मास्तरांचं मनगट हा पेठेचा विषय झाला.

मग समोरच्या शालूबाई आल्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून मास्तरांचा फटका बघितला.

"ह्यो हात असा वर, आनि ह्यो खाली कशापायी?"

"शालूबाई, फटका बसतो तेव्हा उजवा तळवा वर असतो, तीर्थ घेतल्यासारखा. आणि डावा पालथा, आशीर्वाद दिल्यासारखा."

"डाव्या हातानं कोन आशीर्वाद देतंय व्हय? चांगल्या घरातलं तुमी." त्यांनी जरा विचार केला. "पर फटका बरा हाय तुमचा. येवढी वाकळ बडवून बगा बरं."

दसरा काढायचे दिवस होते. घटस्थापनेच्या आधी घरातली झाडून सारी अंथरुणं-पांघरुणं धुऊन काढायची, आणि त्यात बायकांचा जीव खातात त्या वाकळी. जुन्या लुगड्यांच्या थरांची ही गोधडी भिजली की माणसाएवढी जड होते. मास्तरांनी शालूबाईंची वाकळ बडवली. शास्त्राप्रमाणे बडवली, पाऊल, कंबर, खांदा, तळवा. पाणी चहूकडे उडालं आणि मळ निघाला. शालूबाईंनी ही बातमी स्वतःपाशी ठेवली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येतात तो दाराशी गल्लीतल्या वाकळींचा ढीग. "मास्तर, सराव चाललाच हाय, तर आमची पन बगा." नाही म्हणणं मास्तरांना आयुष्यात जमलेलं नव्हतं. सगळी गल्ली त्यांनी स्वच्छ केली. प्रमोदिनीबाई उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. मास्तरांना वाटलं, त्या हसताहेत. म्हणून त्यांनी शेवटच्या शेवटच्या वाकळी तिकडे न बघताच बडवल्या.

राहिली मैदानाची परवानगी. मैदानं ज्या कचेरीच्या ताब्यात असतात तिथल्या कारकुनानं अर्ज डोळ्यांजवळ धरला.

"बेसबॉल. व्हॉलीबॉल लिवू?"

"नाही. बेसबॉल."

"आमच्याकडं क्रिकेट हाय, फुटबॉल हाय, कुस्त्या हायत्या. मग इतर. इतरमधी सर्कस, सभा आनि प्रवचन. सर्कस लिवतो. जनावरं किती?"

"एकही नाही."

"मग सर्कस कशी हुईल?" कारकून वैतागला. "सभा लिवली तर पोलिसांचा दाखला लागतोय. तुमी सुरवातीला काय बोलनार हायसा का?"

"थोडं समजावून सांगणार आहे. ताकद कुठून येते, वगैरे."

"आवं मग आधी न्हाय सांगायचं? ह्ये प्रवचनच की." आणि त्यानं शिक्का मारला. अटी छापील होत्या. श्रोत्यांसाठी सतरंजी अंथरावी, स्त्रियांना पुढे जागा द्यावी, शेवटी प्रसाद वाटावा. मैदानाच्या फाटकावर पाटी लागली, 'प्रवचन. वक्ते : श्री. अं. रा. हुपरीकर'. मास्तरांनी पाटी वाचली. पण कचेरीत पुन्हा जाण्यापेक्षा ती पाटी सोसणं सोपं होतं.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. मास्तरांनी बॅट तेल लावायला घरी आणून कोपऱ्यात ठेवली होती. अंघोळ करून येतात तो कोपरा रिकामा. देवघरासमोर पाट मांडलेला. त्यावर विळी, अडकित्ता, बाईंची शिवणाची कात्री, मास्तरांचं पेन आणि कंपासपेटी. या सगळ्यांच्या मधोमध, झेंडूची माळ घातलेली बॅट. तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक.

"अहो, हे काय केलंत?" मास्तर म्हणाले.

"पूजा," बाई म्हणाल्या. "आज हत्यारं पुजायची असतात ना? दरवर्षी तुमच्या बाजूनं नुसतं पेनच असतं. यंदा म्हटलं…" मग त्यांच्या लक्षात आलं. "शाळेत दुसरी नाही?"

दुसरी नव्हती. आणि खंडेनवमीला पूजेत मांडलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हलवत नाहीत, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हत्यारं उचलायची नाहीत नेमक्या त्याच दिवशी फटका दाखवायचं ठरवलं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मुख्याध्यापक तर 'शस्त्रपूजनाच्या दिवशी शौर्याचं प्रात्यक्षिक' असं भाषणही लिहून बसले होते.

मास्तर दरवर्षी शाळेत अंधश्रद्धेवर व्याख्यान देत. त्यांनी हात पुढे केला. माळ बाजूला केली असती, बॅट उचलली असती, संपलं असतं. पण त्या स्वस्तिकाकडे बघून हात थांबला. लग्नाला इतकी वर्षं झाली, या घरात त्यांची कुठलीही वस्तू कुणी हत्यार म्हणून मधोमध ठेवली नव्हती. मास्तरांना एकदम भरून आलं. ते आल्या पावली वळले आणि चप्पल घालून बाहेर पडले.

त्यानंतर दुपारपर्यंत मास्तर गावात एक दांडकं शोधत फिरले. पण त्या दिवशी कोल्हापुरात, हातात धरून फिरवता येईल अशी झाडून सारी वस्तू फुलं लेवून पाटावर बसलेली होती. गणपतरावांची तालमीतली मुद्गलांची जोडी पूजेत. शालूबाईंचं धोपाटणंही पूजेत. "आवं मास्तर, वर्सभर त्येच तर राबतंय," त्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांची छडी पूजेत. शिपायानं घंटेचा हातोडा पूजेत मांडला होता, त्यामुळे शाळा किती वाजता सुटली हे कुणालाच कळलं नव्हतं. जोतीराम सरांनी खेळाचं अख्खं कपाट पुजून त्याला नारळ फोडला होता. फक्त बेसबॉलचा चेंडू खिशात ठेवला होता.

"चेंडू हत्यार न्हाय," ते म्हणाले. "हत्यार मारतंय, चेंडू मार खातोय. त्येची कशाला पूजा?"

शेवटी सांगाड्यामागची मारुतीची गदा सापडली. तिची पूजा कुणी केली नव्हती. मारुतीचं हत्यार मारुती बघून घेईल, असं सगळ्यांनाच वाटलं असणार. बांबूचा दांडा, वर कागदाच्या लगद्याचा गोळा आणि सोनेरी वर्ख. वजन जवळपास नाहीच. मास्तरांनी ती उचलली. वजनाचं काय, ताकद जमिनीतून येणार होती.

मैदानावर गर्दी चांगली होती. पुढच्या सतरंजीवर पेठेतल्या म्हाताऱ्या जपमाळा घेऊन बसल्या होत्या. त्या पाटी वाचून आल्या होत्या. शालूबाईंनी सगळ्यांना नीट रांगेत बसवलं होतं. त्यांच्याच कडेला प्रमोदिनीबाई, मांडीवर पिशवी घेऊन. मास्तर सोनेरी गदा घेऊन मैदानात आले तेव्हा म्हाताऱ्यांनी हात जोडले.

मास्तरांना वाटलं, आधी शास्त्र सांगावं. ते बोलायला लागले.

"ताकद आपली नसते," मास्तर म्हणाले. "ती जमिनीतून येते आणि आपल्यातून जाते. आपण नुसतं दार. जो घट्ट आवळून धरतो त्याच्या हाती काही लागत नाही. ज्यानं हात सैल सोडला, त्याचं काम होतं."

"खरं हाय, बाबा," एक म्हातारी म्हणाली आणि पदरानं डोळे टिपले.

मग जोतीराम सरांनी चेंडू फेकला. तो त्यांनी अंमळ जोरातच फेकला. पण मास्तरांना तो येताना दिसला, आणि सांगायला हरकत नाही, त्या एका क्षणापुरतं सगळं पुस्तिकेतल्यासारखं झालं. पाऊल रुतलं. कंबर फिरली. तिच्यामागून खांदा आला, खांद्यामागून हात सैल दोरासारखे आले, उजवा तळवा आकाशाकडे, डावा जमिनीकडे, आणि गदा चेंडूवर बसली. ठप्प असा आवाज झाला. असा फटका गणपतरावांच्या बापजाद्यांनीही मारला नव्हता. फक्त गदेचा गोळा खळीनं चिकटवलेला होता. तो दांड्यावरून सुटला, उन्हात लखलखत उंच गेला, भिंतीपलीकडे गेला, आणि रस्त्यानं गुऱ्हाळाकडे चाललेल्या उसाच्या गाडीत पडला. गाडीवान झोपला होता. गाडी गेली.

दांड्यापुढे काहीच न उरल्यामुळे मास्तरांचं मनगट वळायच्या वेळी वळलं आणि पुढेही वळतच राहिलं. ते मटकन खाली बसले. मैदानात मात्र जल्लोष उडाला. म्हाताऱ्या "मारुतीराया!" म्हणत उभ्या राहिल्या. फेटे उडाले. गणपतरावांनी शिट्टी घातली.

मास्तरांना एकट्यालाच ठाऊक होतं. चेंडू त्यांच्या समोर पडला होता, तिथून सतरंजीकडे घरंगळत जाताना त्यांनी डोळ्यांनी बघितला होता.

"गोळा गेला त्यो समद्यांनी बघितला," जोतीराम सर आले आणि म्हणाले. "चेंडू कुठं हाय?"

चेंडू आता सापडणार, इथेच, बायकांच्या पायाशी, प्रमोदिनीसमोर. जोतीराम सरांनी सतरंजी उचलून बघितली, म्हाताऱ्यांना उठवून बघितलं, शालूबाईंच्या शिव्या खाल्ल्या. चेंडू नव्हता. सगळीकडे शोधून झाल्यावर मुख्याध्यापकांनी जाहीर केलं की चेंडूसुद्धा भिंतीपलीकडे गेलेला आहे आणि तसं वर कळवण्यात येईल. जोतीराम सरांनी भिंतीकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं, आणि टोपी काढून हातात घेतली. परवानगीच्या अटीप्रमाणे साखर-फुटाणे वाटण्यात आले.

त्या रात्री आंबेहळदीच्या लेपाखाली मनगट ठणकत असताना मास्तर विचार करत पडले. घरंगळताना दिसला तो दुसरा काही असेल. उन्हात डोळ्यांना भास होतो, याला विज्ञानात आधार आहे. हळूहळू त्यांनाही वाटायला लागलं की चेंडू गेला असावा. पहाटे झोप लागली ती चेंडू गेला आहे अशी खात्री होऊनच.

दसऱ्याला संध्याकाळी दसरा चौकातला सोहळा बघून मास्तर, प्रमोदिनीबाई आणि गणपतराव पायी परतले आणि गणपतरावांच्या दारातल्या कट्ट्यावर टेकले. आपट्याची पानं देऊन झाली. "सोन्यावानी ऱ्हावा," गणपतराव म्हणाले. मास्तरांचा हात गळ्यात बांधलेला होता. रस्त्यानं येणारेजाणारे मुद्दाम थांबून त्याला सोनं देत होते. राधी म्हैस रवंथ करत होती.

बाईंनी पाण्यासाठी पिशवीत हात घातला आणि फिरकीचा तांब्या ओढून काढला. त्याच्याबरोबर काहीतरी बाहेर आलं, कट्ट्यावरून घरंगळलं आणि मास्तरांच्या पायाशी येऊन थांबलं. चेंडू होता.

गणपतराव एकदम राधीकडे बघायला लागले. बाईंनी वाकून चेंडू उचलला, पिशवीतून कांदा पडला असता तर ठेवला असता तसा परत ठेवला, आणि तांब्या गणपतरावांपुढे धरला.

"घट्ट बसलंय हो. बघता का जरा?"

गणपतरावांनी तांब्या घेतला. दोन्ही हातांनी धरला. डोळे मिटले, दात खाल्ले, मानेच्या शिरा टरारून फुगवल्या, चेहरा लालबुंद केला आणि "आय आय गं!" असा आवाज काढला. मग धापा टाकत तांब्या खाली ठेवला.

"न्हाय वैनी. ह्ये आपलं काम न्हवं."

मास्तर गणपतरावांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. शास्त्राचा माणूस, ते त्यांच्या पावलांकडे बघत होते. ताकद जमिनीतून येते. गणपतरावांच्या टाचा कट्ट्यावरून मोकळ्या लोंबत होत्या, आणि सगळी झटापट चालू असताना उजव्या पायाचा अंगठा डाव्या पोटरीला निवांत खाजवत होता. कंबर हलली नव्हती. एवढी मेहनत झाली ती सगळी गळ्याच्या वर.

दोघांनी कधी ठरवलं असेल हे? चौकातल्या गर्दीत, की त्याच्याही आधी, घरीच?

"अहो, मग तुम्हीच बघा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "हे तुमचं काम."

मास्तर उठून उभे राहिले. तांब्या दुखऱ्या हाताच्या झोळीशी टेकवला, पावलं रोवली, डावा हात झाकणावर ठेवला आणि कमरेतून फिरले, अगदी पुस्तिकेत होतं तसे. कुणी आपल्यासाठी इतकं केलं, तर आपली बाजू नीटच व्हायला हवी. झाकण इतकं सहज सुटलं की निम्मं पाणी त्यांच्या सणाच्या धोतरावर सांडलं.

"वाईच घट्ट होतं," मास्तर म्हणाले.

"मनगाट, मास्तर, मनगाट!" गणपतराव ओरडले. "बगा वैनी, म्हशीनं तयार केलंय."

"मनगट नव्हे गणपतराव," मास्तर म्हणाले. "कंबर."

उरलेलं पाणी तिघांनी वाटून प्यायलं. मग बाईंनी झाकण परत तांब्यावर ठेवलं आणि फिरवलं, अगदी हलक्या हातानं, एकच आटा.